ज्याचा दोर तो वर

कुंडलिकनं पहारीचं टोक दोराखाली घातलं आणि सगळं अंग टाकून उचकून पाहिलं. दोर जेमतेम बोटभर उचलला आणि पहार काढताच जागच्या जागी बसला. मग त्यानं मधल्या दोरावर पहार आपटली, तो घुमला. पुढच्यावर आपटली, तोही घुमला. तीन दोर, आणि तिन्ही एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा असे. कुंडलिकच्या तोंडाची चवच गेली.

"झालं आसंल तर पहार ठिव जाग्यावर," ओंडक्यांच्या राशीवरून गेनबा म्हणाला. "का आता दातानं वढून बगतूस?"

 गेनबाशी कुंडलिक बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर झाडाकडे नाहीतर आभाळाकडे बघून सांगे, आणि गेनबाचं नाव तर दोन वर्षांत त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. नुसतं 'वरचा'. वरचा चढला का, वरच्याला म्हणावं चाकाखालचा उटीचा दगड काढ. एकेकाळी हाच कुंडलिक त्याला गेनूदा म्हणायचा आणि त्याच्या फडक्यातली भाकरी न विचारता मोडून घ्यायचा, हे आता सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

वेल्ह्याच्या वखारीतली ती लॉरी म्हणजे लॉरीचा सांगाडाच होता. बाजूच्या फळ्या कधीच काढून टाकलेल्या. मागं उघडा लाकडी पाट, त्याच्या दोन्ही कडांना ठोकलेल्या मेखा, आणि त्यांच्यामध्ये रचलेले सागाचे नि ऐनाचे ओंडके. पूर्वी ते साखळीनं आवळत. लढाई सुरू झाली, लोखंड मिळेनासं झालं, आणि साखळीच्या जागी काथ्याचे जाड दोर आले. दोर ओढून बांधायचा, त्यात दांडकं घालून पीळ द्यायचा आणि दांडकं खाली जखडून टाकायचं. काम सांगायला सोपं. पण खाचखळग्यांतून आणि करंजखिंडीच्या उतारावरून नसरापूरपर्यंत जसाच्या तसा पोचेल असा दोर बांधणारा पंचक्रोशीत एकच होता, आणि कुंडलिकचं नशीब असं की तो गेनबा होता.

वखारीचे कारकून रघुवीरपंत छपरातून बाहेर आले. भोरचा माणूस, आवाज हळू, भांडणाचा मनापासून कंटाळा.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"आत्ता घट्ट हाय वो पंत," कुंडलिक म्हणाला. "तवाबी हितं आसाच घट्ट हुता. खिंड उतरल्याव काय? म्या तुमास्नी कालच सांगितलंय. ह्याच्या दोराखाली माज्याच्यानं गाडी चालायची न्हाई. एक तर ह्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी."

"अरे, दोन वर्षांत एकदा तरी सैल पडला का त्याचा दोर?"

"पडला न्हाई. पडंल."

पंतांनी कपाळाला हात लावला. लॉरी चालवणारी निम्मी माणसं लढाईवर गेलेली. कुंडलिक गेला तर ओंडके वखारीतच कुजणार. दोर बांधणारा मात्र, बरावाईट, कुठूनही आणता आला असता. हे पंतांना ठाऊक होतं, कुंडलिकला ठाऊक होतं, आणि वर बसलेल्या गेनबाला तर सगळ्यांत जास्त. त्याच्या पालीच्या खाचरात चार महिन्यांचं भात पिके. उरलेले आठ महिने हा दोरच त्याला आणि त्याच्या बायकोला, बनाबाईला, जगवत होता.

"मग ऐका दोघंही," पंत म्हणाले. "आज खिंड उतरून थांबायचं. कुंडलिक, तू दोर तपासायचे. एक जरी सैल निघाला, तर संध्याकाळी येऊन मला सांग, उद्यापासून गेनबा नाही. तिन्ही घट्ट निघाले, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे आणायचा नाही. गेनबा, तुला चालेल ना? तपासणार हाच आहे."

गेनबा वरून थुंकला.

"चालंल की. मानूस कुजका हाय, पर खोटं न्हाई बोलायचा त्यो. समद्या वेल्ह्याला ठावं हाय."

शिवी द्यावी तसं त्यानं ते म्हटलं. कुंडलिकलाही ते शिवीसारखंच लागलं.

दोन वर्षांपूर्वी, असाच कार्तिक होता. कुंडलिकचा धाकटा भाऊ चिमाजी तेव्हा त्याच्याबरोबर लॉरीवर असे. एरवी तो पुढं, कुंडलिकच्या शेजारी बसायचा. त्या दिवशी ऊन खायला म्हणून मागं ओंडक्यांवर जाऊन बसला. करंजखिंड उतरता उतरता मागचा दोर सैल पडला. एक ओंडका घसरला, त्याच्यामागून दुसरा, आणि खाली ओढ्याच्या मोरीशी चिमाजी त्या दोहोंच्या खाली सापडला. बावीस वर्षांचं पोर. दोर गेनबानं बांधलेला. बाकी चौकशी करायला उरलं काय?

पोलीस पाटलानं पंचनामा केला आणि देवाची मर्जी म्हणून सोडून दिलं. कुंडलिकनं सोडलं नाही. त्यानं वखारीत नियमच करून घेतला: ज्याचा दोर तो वर. ज्यानं बांधलं त्यानंच त्या ओंडक्यांवर बसून नसरापूरपर्यंत जायचं. सैल पडला तर पहिला तोच जाईल. गेनबानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. तेव्हापासून उन्हातान्हात तो वर बसत आला. कुंडलिकच्या शेजारची, चिमाजीची जागा रिकामीच राहिली. तिथं कुंडलिक कुणाला बसू देत नसे.

निघायच्या आधी एक काम उरलं होतं. सकाळी घरून निघताना आईनं, सगुणाबाईनं, मागून हाक मारून सांगितलं होतं, "म्हस व्यालीया, कुंडलिका. वला भारा आण. इसरू नगंस." मागच्या खेपेला म्हैस लवकर आटली आणि मग भाकडच राहिली, त्यामुळे दोन वर्षं भाऱ्याची गरज पडली नव्हती. कुंडलिकनं वखारीमागच्या बांधावरच्या फुलाबाईकडून चांगला लोडाएवढा हिरव्या गवताचा भारा घेतला, मागचा दोर पहारीनं उचलून धरला आणि भारा गुडघ्यानं रेटून दोराखाली कोंबला. त्या वाटेनं उतरणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दोराखाली असं काही ना काही खोचलेलं असायचंच. कधी सरपण, कधी गवत, कधी सासुरवाडीला न्यायचे बांबू. गाडी हाकणाऱ्याचा तो हक्क होता आणि दोर बांधणाऱ्यानं त्यात तोंड घालायचं नसे. गेनबानं बघितलं आणि मान फिरवली.

"वरच्याला म्हणावं उटी काढ," कुंडलिक आंब्याच्या झाडाला म्हणाला.

लॉरी निघाली तेव्हा दुपार कलली होती. ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे लॉरीची सावली पुढं रस्त्यावर पडली होती, आणि त्या सावलीच्या माथ्यावर बसलेल्या माणसाची सावली. कुंडलिकला ही वेळ अजिबात आवडत नसे. पाठीमागचा वैरी नजरेआड असावा, तर हा सगळी वाट चाकापुढं चालायचा. खड्डा आला की सावली डुले. कुंडलिक मुद्दाम खड्डा चुकवत नसे.

खिंडीच्या तोंडाशी टपावर एक थाप पडली. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एवढीच बोली दोघांमध्ये उरली होती. कुंडलिकनं गाडी थांबवली. गेनबा उतरला, मेखा हातानं हलवून पाहिल्या, पाचरी ठोकल्या, परत चढला. दोन थापा. कुंडलिकनं खालचा गिअर टाकला आणि लॉरी कण्हत उताराला लागली.

ह्या उतारावर तो मनातल्या मनात मोजत असे. चौथं वळण, तिथं खडक बाहेर आलेला. पाचवं, तिथं धक्का. सहाव्याला मोरी. दोन वर्षांत त्या मोरीपाशी तो एकदाही थांबला नव्हता. मान ताठ ठेवून पुढं बघत निघून जायचा. आज थांबायचं होतं. पाचव्या वळणाचा धक्का बसला तेव्हा मागं ओंडके करकरले आणि कुंडलिकच्या मनात आलं, पड. पड सैल एकदाचा. मागं वर माणूस बसलाय हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

मोरीशी गाडी थांबवून त्यानं चाकांना दगड लावले आणि पहार घेतली. पुढच्या दोरावर आपटली, घुमला. मधल्यावर आपटली, घुमला. मागच्या दोरावर आपटली, आणि आवाजच आला नाही. दोर नुसता हलला.

कुंडलिकला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, भाऊ मेला त्या जागेवर उभं राहून त्या माणसाला आनंदाचं भरतं आलं. दोन वर्षं ज्या एका गोष्टीसाठी तो झुरला होता ती त्याच्या पहारीखाली लोंबत होती.

"सैल!" तो ओरडला. "सैल पडला! गेनबा, उतर खाली! उतर, बग तुज्या डोळ्यांनी!"

त्याच्या तोंडून नाव निघालं हे त्याचं त्याला कळलं नाही.

गेनबा उतरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं आधी गाठ चाचपली. गाठ जागच्या जागी. पिळाचं दांडकं चाचपलं, तेही जखडलं होतं तसंच. "ह्यो कसा पडंल?" तो स्वतःशीच म्हणाला. "ह्यो पडनारच न्हाई." मग दोर मुठीत धरून तो हात पुढं पुढं सरकवत गेला, आणि भाऱ्यापाशी हात थांबला.

लोडाएवढा भारा भाकरीसारखा चपटा झाला होता. हिसके बसून बसून ओलं गवत दबलं होतं, भाऱ्यावर ताणलेला काथ्या लांबला तो लांबलाच होता, आणि जेवढं ते दबलं होतं तेवढाच दोर मोकळा झाला होता. गेनबानं दोन बोटांनी भाऱ्याची पेंढी धरून ओढली. वखारीत गुडघ्यानं रेटून कोंबलेला भारा अलगद बाहेर आला.

 मोरीखालून ओढ्याचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

कुंडलिकला तो दिवस दिसला. दोन वर्षं त्यानं तो हजारदा पाहिला होता, पण दर वेळी गेनबाच्या गाठीपासून सुरू करून. आज तो वेगळ्याच ठिकाणापासून सुरू झाला. तेव्हाही म्हैस व्याली होती. तेव्हाही मागचाच दोर होता, आणि तेव्हाही त्यानं पहारीनं तो उचलून धरला होता. चिमाजीला बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा कुणा भल्या माणसानं रस्त्यावर पडलेला तो भाराही उचलून बरोबर आणला होता, ह्यांचाच आहे म्हणून. पडवीत ठेवला होता. घरात आकांत चाललेला, आणि म्हैस दाव्याला हिसडे देत होती, म्हणून कुणीतरी तो तिच्यापुढं टाकला. म्हशीनं तो खाऊन टाकला. त्याकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

"दोन वरसं," गेनबा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दोन वरसं म्या माज्या हातांकडं बगत बसलो. गाठ कुठं चुकली, पीळ कुठं कमी पडला. हातच तोडून टाकावं वाटायचं. माजी बनाबाई ह्या वाटंनं म्हायेरला जायाची बंद झाली, तुज्या आयच्या भ्यानं."

"मला ठावं नव्हतं."

"मला तरी कुठं ठावं हुतं?" आता तो ओरडला. "पर म्या कुनाचं नाव घेतलं? तू घेतलंस. वखारीत घेतलंस, चावडीत घेतलंस, आयच्या कानात घातलंस. मला ठावं नव्हतं, म्हने!"

त्यानं भारा कुंडलिकच्या छातीवर फेकला.

"घी. न्हे म्हशीला."

कुंडलिकला वाटलं होतं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. गेनबानं पाठ फिरवली, दांडकं सोडवलं, दोराला पीळ दिला, इतका की काथ्या कुरकुरला, आणि पुन्हा जखडून टाकला. कुंडलिक मदतीला पुढं झाला तर त्यानं कोपरानं त्याला बाजूला सारलं.

"पंतांना काय सांगायचं ते सांग," चढता चढता तो म्हणाला. "पंत सांजच्याला भेटत्याल. तुजी आय आत्ता हुबी आसंल."

कुंडलिकनं भारा पुढं नेला. ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून चिमाजीच्या जागेवर ठेवला.

मोरीपासून मैलभर पुढं रस्त्याला लागून त्यांची वस्ती होती. लॉरीचा आवाज आला की सगुणाबाई हातातलं काम टाकून रस्त्यावर यायची. खाली वाकून मूठभर माती उचलायची, आणि लॉरी समोर आली की वर बसलेल्या गेनबाच्या अंगावर फेकायची. "तुजं वाटुळं हुईल! माजं पोर खाल्लंस!" दोन वर्षांत एक खेप चुकली नव्हती. पावसात लॉरी बंद असायची तेवढेच दिवस. आणि म्हाताऱ्या हाताचा नेम चुकू नये म्हणून कुंडलिक घरापुढं गाडी मुद्दाम हळू करायचा. हेसुद्धा त्याला आत्ता आठवलं. गेनबा डोक्यावरून घोंगडी ओढून घ्यायचा आणि माती घोंगडीवर झेलायचा.

आज रस्त्यावरच्या सावलीनं घोंगडी ओढली नाही. डोकं उघडं, मान ताठ, तशी ती लॉरीपुढं चालत राहिली. कुंडलिक वस्तीपर्यंत तिच्याकडेच बघत होता. आईला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, एवढंच तो मनात जुळवत होता. भारा माझा, कोंबला मी, चूक माझी. त्या दिवशीही तिच्याच तोंडून गेलेल्या हाकेचं नाव काढायचं नाही. तेवढं टाळलं की झालं.

सगुणाबाई उभी होती. मूठ भरलेली होती. लॉरी हळू होण्याऐवजी थांबलीच तशी ती जरा गोंधळली, मग तिनं हात उगारला.

"आये, थांब," कुंडलिक उडी मारून मध्ये आला.

"हो बाजूला! मातीत घालीन त्येला—"

"आये, ऐक. दोर त्येच्या हातानं सैल न्हाई पडला." त्यानं चपटा भारा तिच्या पायाशी ठेवला. "म्या पाडला माज्या हातानं. ह्यो भारा म्या दोराखाली कोंबला, ह्यो दबला न् दोर सुटला. आत्ता डोळ्यांनी बगितलं म्या. तवाबी आसंच झालं आसनार. तवाबी भारा म्याच कोंबला हुता. ह्येचा काय बी दोष न्हाई."

सगुणाबाईचा हात तसाच वर राहिला. ती भाऱ्याकडे बघत होती. गोठ्यातल्या म्हशीला हिरव्याचा वास गेला होता, ती हंबरायला लागली.  मग तिचा हात हळूहळू खाली आला, पण मूठ उघडली नाही.

"तवा," ती म्हणाली, "तू इसरून चालला हुतास. तितवर, त्या बांधापातूर गेला हुतास. म्या हाक मारून माघारी बलावला तुला. भारा आण म्हनून."



"न्हाई, आये," कुंडलिक म्हणाला. "तवा तू काय न्हाई सांगितलंस. तुला वाईच ध्यानात न्हाई. म्या आपल्या मनानंच आनला हुता."

म्हातारीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं तिला हवं ते सापडलं नाही. मग तिनं मान वर केली आणि ओंडक्यांवर बसलेल्या माणसाकडे बघितलं. त्या सकाळी चिमाजी नि कुंडलिक वखारीत आले तेव्हा तिथं असलेला, दोघांचं बोलणं ऐकलेला एवढा एकच माणूस आता उरला होता.

"गेनबा," ती म्हणाली. शिवीशिवाय हे नाव तिनं दोन वर्षांत घेतलं नव्हतं. "तू हुतास की वखारीत. आय वरडली म्हनून भारा घ्यायला लागला, आसं काय बोलली का रं पोरं? ह्यो खरं सांगतूय का?"

कुंडलिकनं मागं वळून बघितलं नाही. रस्त्यावर सावली होती, तो तिच्याकडे बघत राहिला. सावली हलत नव्हती.

"मला काय इचारता?" गेनबाचा आवाज आला, कोरडा, वखारीत होता तसाच. "खोटं न्हाई बोलायचा त्यो. समद्या वेल्ह्याला ठावं हाय."

 सगुणाबाई भाऱ्याला हात न लावता, मूठ तशीच आवळून घराकडे वळली. म्हैस हंबरत होती. तिनं गोठ्याचं दार पुढं ओढून घेतलं आणि पायरीवर बसली.

टपावर दोन थापा पडल्या. कुंडलिक आत चढला आणि त्यानं गाडी सुरू केली.